पंख्याचं तोंड कुणाकडे?

"दगडाला पाणी पाजत घास गं लेकी! कोरडा घासू नको. कोरडा दगड माणसाला पितो!"

मंडळी, ऐका. हे बोल एका बाईच्या कानावर पडले. नीट पडले, ती पूर्ण शुद्धीत असताना पडले! आणि तिनं ते झटकून टाकले. का? माज होता म्हणून? छे! आळस? तोही नाही. काळजीपोटी झटकले!

आता आला का घोळ? आज आपल्यापुढं प्रश्न हाच. निष्काळजी माणूस चुकला तर त्याला बोल लावता येतो. पण जो काळजी घेता घेताच चुकला, त्याचं काय करायचं? बोला!

कुणीच नाही? मागची पुरुषमंडळी तर छताचे पंखे मोजायला लागली! असू द्या. उत्तर मलाही येत नाही. म्हणून तर आख्यान लावलंय. देवाचं नाव घ्या, जरा मोठ्यानं घ्या, आणि चला माझ्याबरोबर सिल्लोडला.

तिथं एका दुमजली घरात, वरच्या मजल्यावर हर्षदा राहायची. शिकलेली, एम.एस्सी. झालेली. नवरा निरंजन बँकेत, आणि लेक शरयू, अडीच वर्षांची. अडीच वर्षांचं मूल म्हणजे काय, ते इथल्या आयाबायांना सांगायला नको! हर्षदा तर अशी आई की टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधलेला, प्लगच्या भोकांना चिकटपट्टी, द्राक्षाचे चार चार तुकडे. निरंजन म्हणायचा, "अगं, द्राक्ष आहे ते, फणस नाही!" आणि ती म्हणायची, "घशात अडकलं म्हणजे कळेल!"

हसू नका. मीसुद्धा चार चारच तुकडे करते.

अशा या हर्षदाला एक छंद लागला. अजिंठ्याच्या डोंगराकडे गेलं की रस्त्याकडेला गारगोट्या विकायला बसतात, पाहिलंय ना? तिथं सैदाबी नावाची म्हातारी बसायची. तिनं एक दगड हर्षदाच्या हातात ठेवला. बाहेरून कसा? अगदी बटाटा! आणि कापलेल्या बाजूनं फिरवला तर आत कांद्यासारखे पापुद्रे, दुधी, निळसर, मध्येच मधाच्या रंगाचा एक धागा! अकीक म्हणतात त्याला. हर्षदा बघतच राहिली. ज्या बाईनं अडीच वर्षांत काजळाची डबी उघडली नव्हती, ती म्हणाली, "मावशी, हे मला शिकवाल?"

सैदाबीचं सगळं आयुष्य दगड घासण्यात गेलेलं. तिनं शिकवलं. दगडाचा काप कसा धरायचा, आधी खरखरीत चाकावर, मग मऊ चाकावर, शेवटी चामड्यावर कसा चोळायचा, आणि मग तांब्याच्या तारेत गुंफून त्याचं पदक कसं करायचं. आपलं जुनं यंत्रही देऊन टाकलं. आणि देताना ते मघाचं बोलली, दगडाला पाणी पाजण्याचं. वर म्हणाली, "माझा मालक छातीच्या रोगानं गेला. दिसते ती धूळ काही करत नाही बाई, न दिसते ती आत जाऊन बसते."

हर्षदानं यंत्र घरी आणलं. चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची तोटी होती. तिनं तोटीकडे पाहिलं, मग वायरकडे पाहिलं, मग शरयूकडे पाहिलं.

विजेचं यंत्र! वर पाणी! आणि घरात रांगतं-पळतं लेकरू!

"छे छे छे," ती म्हणाली. "शॉक बसला तर? मावशीचं काम कारखान्यातलं होतं, दिवसाचे दहा दहा तास. माझा आपला छंद. तासभर घासणार, तेही तोंड बांधून."

आणि तिनं तोटी बंद केली.

पण मंडळी, एवढ्यावर थांबली नाही हो ती! विज्ञान शिकलेली! यंत्र नेऊन ठेवलं मागच्या गॅलरीत. तोंडाला चांगल्यातला मास्क. खोलीच्या दारावर ओली चादर, धूळ शरयूपर्यंत जाऊ नये म्हणून. बंद खिडकीच्या काचेतून पोरीचा पाळणा दिसेल असं बसायची. आणि यंत्रामागं टेबलफॅन लावला, त्याचं तोंड बाहेर! सगळी धूळ भुर्रकन गॅलरीबाहेर!

दाखवा यात चूक! स्वतःला जपलं? जपलं. लेकराला जपलं? डोळ्यांत तेल घालून जपलं. मग धूळ गेली कुठं?

बाहेर!

आणि बाहेर म्हणजे कुठं हो? बाहेर नावाचं गाव आहे का कुठं? आपण केर काढतो, 'बाहेर' टाकतो. ते बाहेर कुणाचं तरी आत असतंच की!

या गॅलरीच्या बरोबर खाली विमलकाकूंचा ओटा होता. विमलकाकू टाकसाळे, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, दम्याच्या जुन्या धनी. मागची खिडकी हीच त्यांची दुनिया. शरयूवर भारी जीव! "शरू, ए शरू, चिमणी आली बघ!" अशी खालून हाक, आणि वरून ही चिमुरडी गॅलरीच्या गजांतून ओरडणार, "काकूऽ, मला दाखव!"

चैत्र होता. काकूंनी ओट्यावर कुरडया वाळत घातल्या. एक दिवस खालून म्हणाल्या, "हर्षदा, तुझ्या गॅलरीतून रांगोळी सांडते का गं? माझ्या कुरडयांवर पीठ पडल्यासारखं दिसतंय."

हर्षदा वाकली. समोर एका घराचं बांधकाम चालू होतं. "काकू, ते सिमेंट असेल! झाकत जा ना फडक्यानं."

खोटं बोलली का ती? नाही! तिला खरंच तसं वाटलं. काकूंनी फडकं आणलं, कुरडया झटकल्या. कशा? कोरड्या फडक्यानं, नाकासमोर धरून.

दुपारी दोनला शरयू झोपली की वर घर्रर्र सुरू. पदकं झाली, कानातली झाली, हळदीकुंकवाला बायका विचारायला लागल्या, "अय्या, तुम्ही केलं?" निरंजन गमतीनं म्हणायला लागला, "आमच्याकडे सोनं नाही, पण खाण आहे!" आणि हर्षदा हसायला लागली, मंडळी! हसायलाच विसरली होती ती बाई. तेही खरं. तेही विसरू नका.

वैशाखात एक दिवस शरयू गजांतून ओरडली, "काकूऽ!" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हर्षदा म्हणाली, "झोपल्या असतील गं." तिसऱ्या दिवशी काकूंचा भाचा जिन्यात भेटला. "मावशीला दवाखान्यात ठेवलंय. श्वासच पुरेना. किल्ली तुमच्याकडे ठेवतो, तुळशीला पाणी घालाल?"

हर्षदा खाली गेली. दार उघडलं. पाणी घातलं. आणि सहज मागच्या खिडकीशी आली.

जाळीवर राखाडी थर. टेबलावर थर. चष्म्याच्या घरावर थर. तिनं बोट फिरवलं, चिमटीत चोळलं. पिठासारखं मऊ... ती तशीच वर धावली, यंत्राखालची धूळ चोळली. तशीच! मग समोरच्या बांधकामापाशी गेली, तिथली माती चोळली. तीही, मेली, थोडीफार तशीच!

आता? कुणाची धूळ?

निरंजन म्हणाला, "सिमेंटच असणार. तू उगाच लावून घेतेस."

डॉक्टर म्हणाले, "दमा आधीचाच आहे. धूळ कुठलीही वाईटच. पण हीच धूळ का, ते मला कसं सांगता येईल?"

बघा! कुणीच तिला दोषी म्हणेना. एखादी म्हणाली असती, सुटले बाई! पण हिची झोप उडाली. 'मी केलं' म्हणावं तर पुरावा नाही. 'मी नाही केलं' म्हणावं तर मन घेत नाही. काकूंना सांगावं तर आजारी माणसाला धक्का बसायचा. न सांगावं तर त्या बऱ्या होऊन त्याच खिडकीत यायच्या. एकदा वाटे, यंत्र फेकून द्यावं. मग वाटे, फेकलं म्हणजे कबूलच केलं की! शरयू शिंकली तरी दचकायची. अहो, पोळीत मीठ घातलं की नाही, तेही आठवेना!

सतरा दिवसांनी काकू घरी आल्या. चार पावलं चालल्या की बसायच्या. हर्षदा पेज घेऊन गेली, वाटी ठेवली, आणि उभ्या उभ्याच बोलली, "काकू, ती धूळ माझी होती. बहुतेक. दगडांची."

काकूंनी श्वास घेतला. अर्धाच आला. म्हणाल्या, "माहीत होतं गं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"दिवसभर तुझा आवाज ऐकते मी. शरू पडशील! शरू थांब! शरू, तोंडात काय घातलंस! दुपारी यंत्र वाजायला लागलं की कळायचं, पोर झोपली, आता हिचा तास. तेवढाच. तो कसा मोडू?"

"खिडकी तरी लावायची!"

"लावायचे की. मग उकाड्यानं जीव घाबरायचा. आणि शरू उठल्या उठल्या आधी मलाच हाक मारते ना. ऐकू यायला नको?"

इथं तुम्हाला वाटेल, हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं! पण त्याच्याआधी काय आलं, सांगू? राग! काकूंचा राग! क्षमा मागायला गेलेली बाई राग घेऊन जिना चढली. 'मला का नाही सांगितलं? माझ्या सुखाचा भार स्वतःच्या छातीवर घ्यायला यांना कुणी सांगितलं होतं?' आणि लगेच स्वतःचीच लाज! 'त्यांनी सांगितलं होतं की. रांगोळी सांडते का, म्हणून विचारलं होतं.'

ती सैदाबीकडे गेली. शॉकच्या भीतीनं तोटी बंद केल्यापासून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, मी सोडलं हे."

सैदाबी खवळली. "सोड म्हटलं होतं मी? पाणी पाज म्हटलं होतं! शॉकची भीती वाटत होती तर परत येऊन विचारायचं. पाण्याच्या परातीत दगड बुडव, हातानं पॉलिशच्या खरखरीत कागदावर घास. कुठं लागते वीज?"

एवढं सोपं होतं! विचारलं असतं तर!

आज हर्षदा परातीत दगड घासते. एका दगडाला आठ आठ दिवस लागतात. वरचेवर पाणी बदलते, गढूळ पाणी नाल्यात न ओतता बादलीत बसवते, खालचा गाळ ओलाच बांधून ठेवते. काकू खिडकीत असतात, पण "चिमणी आली" एवढी हाक आता एका श्वासात होत नाही. "चिमणी..." मग थांबतात, मग "आली." आणि शरयू वर तेवढा वेळ वाट बघते. पोरीला वाटतं, हा खेळच आहे.

काकूंनी क्षमा केली का? त्यांना विचारलं तर म्हणतात, "कसली क्षमा?" हर्षदाला मिळाली का? तिला अजून ठरवता येत नाही. मलाही नाही, मंडळी. इथं उभी राहून गोड निष्कर्ष सांगितला तर तुम्ही टाळ्या द्याल, पण तो खोटा असेल.

मला कळतं ते एवढंच. आपण सगळे जपणारे आहोत. ओल्या चादरी लावणारे. पण प्रत्येकानं आपापल्या घरात एक पंखा लावून ठेवलाय आणि त्याचं तोंड बाहेर केलंय. कुणाचा पंखा रागाचा, कुणाचा गडबडीचा, कुणाचा 'आमचं बरं चाललंय'चा! आणि समोर बसलेलं माणूस सोसतं, बोलत नाही. का? तर तुमचा तास मोडू नये म्हणून! सोसणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका! एकदाच, पण स्पष्ट बोला हो. कोड्यात बोलू नका. आम्ही काळजीवाली माणसं फार बहिरी असतो.

आता आरती. पण थांबा. मी चार दिवस इथं उभी आहे, आणि मला सगळ्यांचे चेहरे मोजायची सवय आहे. डावीकडच्या त्या खांबाला टेकून पहिल्या दिवशी एक आजी बसल्या होत्या, हिरवं लुगडं, सारख्या खोकत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर पदर तोंडाशी धरला. परवा आल्या नाहीत. काल नाहीत. आज नाहीत. मला वाटलं, तुमच्यातलं कुणी विचारेल. तुम्हाला वाटलं असेल, शेजारचं विचारेल.

काय नाव त्यांचं? गंगूबाई म्हणता? घर कुठं? गिरणीमागं?

मग तुम्ही दोघी उठा बाई. हो, तुम्हीच, दाराजवळच्या. चपला घाला. दार वाजवा, उघडेपर्यंत वाजवा. आरती आम्ही धरून ठेवतो. या विचारून.