डोक्यावरची कडी

मिस्त्री : कडी गेलीय, ताई.

ताई : काहीतरीच काय! आत्ता तर नवी बसवलीय. रोज तेल घालते मी. एका बोटानं सरकते.

मिस्त्री : दाराची नाही हो! ही, तुमच्या डोक्यावरची. टॉर्च जरा इकडं धरा. हां, अशी. टोकाला बघा कशी काळी पडलीय. बोट लावलं की भुसा हातात येतोय.

ताई : ही तर तुळई ना?

मिस्त्री : तुळई ती, जाडजूड, आडवी गेलेली. तिच्यापासून भिंतीपर्यंत या बारक्या टाकल्यात ना, त्या कड्या. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर तुमची वरची खोली. वर न्हाणीघर कुठल्या अंगाला आहे?

ताई : याच.

मिस्त्री : मग झालं की! पाणी मुरतंय. ही कडी खोबणीतून निसटलीय, नुसती बोटभर टेकून उभी आहे. तिची शेजारीण पण त्याच वाटेवर. बरं झालं मला बोलावलंत. पडदा लावायला बोलावलंत, पण बोलावलंत.

ताई : थांबा. हिला कडी म्हणतात?

मिस्त्री : मग काय म्हणणार? कुठल्याही वखारीत विचारा. काय झालं? तोंड का उतरलं एकदम?

ताई : माझे वडील वखारीतच होते. जन्मभर लाकूड मोजलं त्यांनी. कुजलेलं लाकूड नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

मिस्त्री : वर झोपलेत तेच ना?

ताई : झोपलेले नाहीत, अंथरुणाला खिळलेत. लकवा झाल्यापासून वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सगळं कळतं त्यांना, फक्त शब्द अडकतात. आणि मग हा एकच शब्द निघायला लागला.

मिस्त्री : कुठला?

अप्पा : (वरून, फळ्यांच्या फटीतून) कडी.

मिस्त्री : अरे देवा.

ताई : आले हं अप्पा! इथंच आहे मी! ... ऐकलंत ना? दिवसभर हेच. आम्हाला वाटलं दाराची. म्हटलं, म्हातारपण आहे, चोराची भीती बसली असेल मनात. ते कडी म्हणाले की मी उठून दार लावायची, खडखड वाजवून दाखवायची, "लावली बघा, झालं समाधान?" धाकटा भाऊ तर फोनवर हसायचा, म्हणायचा, वाड्याचा राजा दरवाजे बंद करतोय. शेवटी नवी कोरी कडी आणून बसवली. तीसुद्धा वर नेऊन त्यांच्या हातात दिली आधी, बघा म्हणून.

मिस्त्री : मग?

ताई : रडले. मला वाटलं आनंदानं.

मिस्त्री : तुम्हाला कसं कळणार, ताई? तुमचा काय दोष. हे बघा, उगाच मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडं यावर औषध आहे. पिशवीतून काढतो. हा बघा, याला आम्ही पाळणा म्हणतो.

ताई : हा पत्रा?

मिस्त्री : पत्रा काय म्हणता, पोलाद आहे! तुळईच्या अंगाला हा असा लावायचा. या दोन बाजूंना बारके दात आहेत, ते हातोडीनं ठोकले की पाळणा लाकडाला स्वतः चिकटून राहतो. एक हात मोकळा, अंगठा शाबूत. मग या भोकांतून खिळे. एकही भोक रिकामं सोडायचं नाही. कडीचं टोक यात बसलं की बाळ पाळण्यात. मग वर नाचा.

ताई : आणि ही चपटी पट्टी?

मिस्त्री : ती वायरीसाठी. तुमच्या पंख्याची वायर या कडीच्या पोटातून गेलीय. उद्या कुणी न बघता खिळा मारला तर थेट वायरीत. ही पट्टी वर असली की खिळा वाकतो, आत जात नाही. चला, धरा टॉर्च. तुळईला एक खिळा मारून बघतो.

ताई : हळू मारा. ते दचकतात.

मिस्त्री : मारायची वेळच आली नाही.

ताई : म्हणजे?

मिस्त्री : हातोडी लावली नाही अजून. अंगठ्यानं दाबला तर आत गेला खिळा. हा बघा, आणि हा काढला. लोण्यातून काढावा तसा.

ताई : दुसरीकडं बघा ना! जरा अलीकडं!

मिस्त्री : बघतोय... इथंही तेच. ताई, तुळईच पोकळ झालीय. पाळणा कितीही चांगला असू दे, खिळ्याला धरायला लाकूड हवं. हिच्या शेजारी दुसरी तुळई टाकायची, आधी खाली लोखंडी टेकू लावायचे, मग बाकीचं. पण ते सगळं करायच्या आधी वडलांना खाली आणा. आत्ता.

ताई : कसं आणू?

मिस्त्री : वर कसं नेलं होतं?

ताई : चौघांनी खुर्चीत बसवून. जिना वळणाचा आहे.

मिस्त्री : चौघं वर उभे राहिले तर चौघं आणि वडील, सगळे खाली येतील.

ताई : मग दोघं?

मिस्त्री : पलंग कुठं आहे त्यांचा?

ताई : याच्याच वर. त्या अंगाला खिडकी आहे, ऊन येतं म्हणून मीच सरकवला.

मिस्त्री : मग दोघंही नकोत. खोटं सांगून कशाला जीव धोक्यात घालू तुमचा?

ताई : मी एकटी जाते. मी हलकी आहे.

मिस्त्री : एकट्यानं उचलता येतात?

ताई : कूस बदलताना घाम फुटतो मला.

मिस्त्री : मग जाऊन काय करणार? नुसतं वजन वाढेल. टेकू लागेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही.

ताई : अहो, त्यांना पाणी पाजायचं असतं! त्यांचे कपडे बदलायचेत! आजची आंघोळ व्हायचीय!

मिस्त्री : आंघोळीचं तर नावच काढू नका.

ताई : तेच पाणी, नाही का? मी घातलेलं.

मिस्त्री : ताई...

ताई : काय करू मी? सांगा ना! वर जायचं नाही, खाली आणायचं नाही, खिळा मारायचा नाही. मग माणसानं करायचं तरी काय?

मिस्त्री : नाक्यापलीकडं भाड्यानं लोखंडी टेकू देतात. गाडी आहे माझी. असाच जातो, घेऊन येतो. तुम्ही तेवढा वेळ बाहेर रस्त्यावर थांबा. या खोलीत नको. आणि हे शिलाई मशीन कुणी ठेवलं इथं? बरोबर कडीखाली?

ताई : मीच. आधी दाराशी होतं, उजेडात. पण मी शिवायला बसले की ते चांगल्या हातानं फळ्या बडवायचे. धाडधाड. आणि कडी, कडी. मला वाटलं मशीनच्या आवाजाचा त्रास होतो. खाली सतरंजी घातली. तरी थांबेनात. मग आत कोपऱ्यात आणलं, तेव्हा तर त्यांनी...

मिस्त्री : तेव्हा काय?

ताई : खूपच बडवलं. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, हे गणवेश शिवले नाहीत तर खायचं काय, लहान मुलासारखं करू नका. मिस्त्री, ते स्वतःसाठी ओरडत नव्हते हो.

मिस्त्री : नाही.

ताई : मशीन कुठं आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं. मी नेमकी कुठं बसलेय ते कळायचं.

अप्पा : कडी.

ताई : हो अप्पा! कळलं मला! वरची! डोक्यावरची कडी! मिस्त्री आलेत, बघतायत!

अप्पा : कडी. कडी.

ताई : हलू नका तुम्ही! हात आपटू नका! अगदी पडून राहा, आपटायचं नाही!

मिस्त्री : माती पडली बघा. ताई, बाहेर व्हा आधी. मी गेलो नि आलो.

ताई : जा, पळा. मी होते बाहेर.

मिस्त्री : होते म्हणता, आणि आणखी आत चाललात.

ताई : या फटीखाली उभं राहिलं की माझा आवाज त्यांना नीट जातो. रस्त्यावरून जाणार नाही.

मिस्त्री : अहो, पण कडी बरोबर तुमच्या...

अप्पा : कडी!

ताई : झाले अप्पा! बाजूला झाले मी! पार बाहेर, रस्त्यावर उभी आहे! तुम्ही शांत पडा!

मिस्त्री : ताई, तुम्ही तर इथंच...

ताई : हळू बोला. त्यांना ऐकू जातं.