पहिला नंबर कोणाचा?

…आणि चोरी झाली याचं, तुम्हाला सांगतो, मला काही म्हणजे काही वाटलं नाही! दोन दिवस मऊरानीपूरला मुंजीला काय गेलो, परत येऊन बघतो तर गॅरेजची कडी वाकडी, कुलूप जमिनीवर, आणि दोन्ही कूलरच्या मोटरी गायब! झाशीत, मार्च महिन्यात, कूलर बाहेर काढायच्या आठ दिवस आधी! दुसरा कोणी असता तर तिथेच डोक्याला हात लावून बसला असता. मी कुलूप उचललं, खिशात टाकलं आणि म्हटलं, चहा ठेव गं. शेजारचे श्रीकृष्णजी धावत आले, "काए दद्दा, कछू तौ बोलो!" आता काय बोलणार? तेहतीस वर्षं सरकारी ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसलो होतो मी. लोक समोर येऊन रडायचे, ओरडायचे, एकाने तर चप्पल काढली होती, मी म्हणायचो, "अर्ज दे दीजिए." त्यातून माणसाला काही वाटायचं राहतं का?

वाटलं ते आमच्या सौभाग्यवतींना. कमलला. मोटरींचं नाही हो! "मेला चोर आंधळा होता का? कैरीचं लोणचं, गेल्या वर्षीचं, चांगलं मुरलेलं, नाकासमोर होतं! हात नाही लावला त्याने!" म्हणजे चोरी झाली ती झाली, वर अपमान झाला तो वेगळा!

गॅरेज म्हणतोय मी, पण त्यात आजवर गाडी आलेली नाही बरं का. निशांतची गाडी येईल म्हणून बांधलं. निशांत आमचा मुलगा, असतो हैदराबादला. गाडी घेतली त्याने, नाही असं नाही, ती पण हैदराबादलाच असते. मग गॅरेजात काय? दोन कूलर, लोणच्याच्या बरण्या, महाराष्ट्र समाजाच्या गणपतीचं सिंहासन आणि निशांतचा पाळणा. तर ही आमची दौलत, आणि हिच्या रक्षणासाठी मुलाने व्हिडिओवर हुकूम काढला… "बाबा, वायरलेस अलार्म लावून घ्या. तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी पूर्ण चेक करून लिंक पाठवतो." मागून आमची सूनबाई अनुया डोकावली, "बाबा, तुम्ही शॉकमध्ये आहात का? तुमचा चेहरा काहीच सांगत नाहीये." म्हटलं, पोरी, हा चेहरा असाच आहे, लग्नाच्या फोटोत बघ.

चौदा लिंका आल्या, चौदा! एकात डोळा, एकात चुंबक, एकात कुत्रा भुंकल्याचा आवाज… कुत्रा नाही हं, नुसता आवाज! मी त्या सगळ्या नीट वाचल्या आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

शेवटी गेलो सदर बाजारात, विक्रम भैयाच्या दुकानात, कमलला घेऊन. त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. "अंकल जी, ये वाला देखिए, इसमें कुछ नहीं है, बस लाल बत्ती जलती रहती है. चोर समझता है अंदर कुछ है." मला तर आवडला तो, मी नोकरी तशीच केली. पण कमल म्हणाली, "दुसरं दाखवा." दुसरा भोंगेवाला. त्याने तो दुकानातच वाजवून दाखवला! अहो, रस्त्यावरची एक म्हैस बसलेली उठली! "आंटी जी, पूरा ओरछा गेट मोहल्ला जाग जाएगा!" कमल म्हणाली, "गल्लीला कशाला उठवायचं? गल्ली काय, येईल, चहा पिईल, चौकशा करेल आणि जाईल."

मग तिसरा. हा आवाजच करत नाही! दाराला चुंबक, आत एक डबी, डबीत सिमकार्ड. दार उघडलं की डबी मुकाट्याने फोन लावते. "उधर मोठ तहसील तक के किसान ट्यूबवेल पे यही लगा रहे हैं, अंकल जी. पाँच नंबर डलते हैं. पहला नंबर किसका?"

मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कमल घडाघडा दहा आकडे बोलून मोकळी! तुम्हाला सांगतो, या बाईला स्वतःचा नंबर येत नाही. रिचार्जच्या दुकानात मला विचारते, "अहो, माझा काय हो?" पण निशांतचा पाठ! म्हटलं, "अगं, तो काय हैदराबादहून येऊन चोर पकडणार आहे?" तर म्हणाली, "तुम्ही झाशीत राहून कोणता पकडलात?" विक्रम भैया हसला. मला? मला काही वाटलं नाही.

डबी लागली. चौथ्या दिवशी कमल बरणी आणायला गॅरेजात गेली, जाताना रिमोटचं बटण दाबायचं असतं, ते विसरली. चाळीस सेकंदांत निशांतचा फोन! "आई! आई, गॅरेजमध्ये कोणी घुसलंय! तू बाहेर नको जाऊ!" ही म्हणते, "अरे, मीच घुसले आहे, लोणचं काढायला." पोरगं इतकं घाबरलं होतं, इतकं घाबरलं होतं, की सुटकेच्या भरात अकरा मिनिटं बोललं. अकरा! एरवी रविवारी फोन यायचा… कसे आहात, बरे आहोत, ठेवू का, ठेव. आणि इथे काय जेवलास पासून अनुयाची पाठदुखी, बॉसची बदली, सगळं! कमल फोन ठेवून अंगणात उभी राहिली ती पाच मिनिटं उभीच. मी पेपरातून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला बरणी परत ठेवायची होती. तिसऱ्या दिवशी सुतळी हवी होती. पुढच्या आठवड्यात समाजाचं सिंहासन पुसायचं होतं… गणपतीला पाच महिने होते हो! आणि दर वेळी रिमोट? विसरला! आणि दर वेळी वेळ? एक वाजून दहा मिनिटं, निशांतची जेवणाची सुट्टी! मी फक्त घड्याळ बघत होतो.

अकरा मिनिटांची झाली सहा. सहाची दोन, त्यातही "आई, दुसरा कॉल येतोय." मग, "आई, रिमोट दाबत जा ना यार." मग नुसतंच, "तूच आहेस ना? ओके." आणि एका सोमवारी, कमल भाजीला गेली असताना, विक्रम भैया दारात. "अंकल जी, निशांत भैया का फ़ोन आया था. बोले पहला नंबर पापा का कर दो, मेरा हटा दो, मीटिंग में दिक़्क़त होती है."

म्हटलं, "भैया, मैं तो यहीं रहता हूँ. गैराज से बीस क़दम पर."

म्हणाला, "इसीलिए तो, अंकल जी."

त्याने नंबर बदलला, पाणी प्याला, गेला. मला काही… जाऊ दे. कमलला मी सांगितलं नाही. सांगणार होतो. पण कोणत्या तोंडाने सांगणार? तिने येऊन भाजी निवडली, आणि एक वाजून दहा मिनिटांनी गेली गॅरेजात, दार उघडलं, पदराला हात पुसत उंबऱ्यातच थांबली… आणि फोन वाजला माझ्या खिशात!

तिने माझ्याकडे बघितलं. मी फोन कानाला लावला. आतून एक बाई, रेल्वे स्टेशनवर बोलते तशी… "चेतावनी! ज़ोन एक! दरवाज़ा खुला है! चेतावनी!" आणि मी, तेहतीस वर्षांत एकाला खोटं आश्वासन न दिलेला माणूस, काय म्हणालो असेन? म्हणालो, "हां निशांत! बोल रे! हो, आईच आहे… हो, जेवलो… बरं, बरं…" तीस सेकंदांनी डबी आपोआप गप्प होते. कमल हात पुढे करून आली, "द्या ना इकडे." म्हटलं, "ठेवला त्याने. मीटिंग." ती म्हणाली, "माझ्याऐवजी तुम्हाला केला?" म्हटलं, "बापाची आठवण आली असेल."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच… मी डबीला हवामान विचारलं, सूनबाईची पाठ विचारली! गुरुवारी दार उघडताना मी तिच्या शेजारीच होतो; फोन वाजला आणि मी खिशात हात घालायच्या आत कमलने तो काढून घेतला. तुम्हाला सांगतो, इथे मात्र मला वाटलं. म्हटलं, आता हिला कळणार, पोटच्या पोराने नंबर काढून टाकलाय ते, आणि मी उभा राहून बघणार. तिने फोन कानाला लावला. ऐकलं. त्या बाईचा आवाज मला दोन हातांवरून येत होता… चेतावनी, ज़ोन एक. कमलने माझ्याकडे बघितलं. आणि मग पदर सावरून पायरीवर नीट बसली आणि म्हणाली, "हो रे राजा, जेवले. वरण-भात. तू? अनुयाच्या पाठीला शेक दे म्हणावं… हो, बाबा बरे आहेत, असेच, पेपर वाचतात…"

तीस सेकंद झाले. फोन बंद. तिने स्क्रीन पदराने पुसली, फोन माझ्या हातात ठेवला आणि आत जाता जाता म्हणाली, "आज बरं वाटलं हो. एकदासुद्धा 'आई, दुसरा कॉल येतोय' म्हणाला नाही."