घडीच्या शिडीचा कोन

सुतार : आता मात्र डुगडुगणार नाही, बाई. हलवून बघा.

बाई : मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतास.

सुतार : मागच्या खेपेला तुम्ही सांगितलेला कोन कापला होता. आज माझा कापलाय.

बाई : तुझा? सहामाहीला भूमितीत भोपळा आणणारा तू!

सुतार : म्हणून तर दोन्ही वेळा तोंडातून शब्द काढला नाही. आधी तुम्ही साठ म्हणालात, मग पासष्ट. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर तपासायचं कशाला? निमूट करवत चालवली.

बाई : आणि आज किती?

सुतार : सत्तर.

बाई : नुसतं उत्तर नको. रीत सांग.

सुतार : या वयात फळ्यापुढे उभं करता होय! बरं. शिडीचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे, म्हणजे समद्विभुज त्रिकोण. मग खाली जमिनीशी होणारे दोन्ही कोनही सारखेच. वर बिजागरीपाशी चाळीस. एकशे ऐंशीतून चाळीस गेले, राहिले एकशे चाळीस. त्याचे निम्मे सत्तर.

बाई : शाबास रे ठोंब्या! कोणी शिकवलं?

सुतार : पोरीने. काल तिच्या वहीत नेमकं हेच गणित. आकडेसुद्धा हेच. जेवता जेवता माझा हात थांबला. बाई, रागावू नका, पण तुम्ही हे तीस वर्षं शिकवलंत. तुम्ही कशा चुकाल?

बाई : वय झालं.

सुतार : दोनदा?

(बाई खुर्ची ओढून बसतात.)

बाई : पहिल्यांदा खरंच चुकले. तू गेल्यावर कागदावर मांडून बघितलं आणि रडूच आलं. दुसऱ्यांदा नाही चुकले.

सुतार : म्हणजे मुद्दाम?

बाई : तू आलास की चहा होतो, शाळेच्या चार गोष्टी निघतात. एरवी दिवसभर या घरात माझाच आवाज, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजताना. फार एकटं वाटतं रे. तुझी मेहनत वाया घालवली मी.

सुतार : मेहनतीचं काय एवढं. शिडी दोन बोटं बुटकी झाली, इतकंच.

बाई : मीही झालेय.

सुतार : बरं, हे काम सांगायला दादांनी फोन केला होता ना. म्हणाले, आईला कोणाच्या मिनतवाऱ्या करायला लागू नयेत, म्हणून ही घडीची करून दे आणि जुनी उचलून ने.

बाई : जुनी राहू दे.

सुतार : अहो, ती भिंतीला टेकवावी लागते. खाली धरायला माणूस हवा.

बाई : हे धरायचे. वर मान करून म्हणायचे, पडणार असशील तर आधी सांग.

सुतार : आता कोण धरणार?

बाई : म्हणूनच म्हणते, राहू दे.

सुतार : ठेवतो मग दाराआड. पण एकट्या चढायचं नाही, सांगून ठेवतो. दिवा गेला की फोन करा. मी येईन धरायला.

बाई : हल्लीचे दिवे लवकर जातही नाहीत रे.