टीडेमान आणि मुलगे

नको, ती तिसरी बाटली नको — ती पिशवीतच राहू द्या, तिला लेबलसुद्धा नाहीये. बाबाच्या लोकरी मोज्यात गुंडाळून आणलीय, म्हणजे ती विकायची नाही हे कुणालाही कळावं. तुम्ही ही घ्या, ही पहिली, दुसरीही हीच आहे. यंदाची. गेल्या शरदात द्राक्षं सालांसकट रांजणात टाकली, रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, सहा महिने झाकण बंद, आणि आता ही. मला माहितीय तिचा रंग कोऱ्या चहासारखा आहे, सकाळपासून तीन दुकानदारांनी चहाच म्हटलंय, चौथ्याने तर साखर किती विचारलं. हसलात का? नाही — तो तुमचा कुत्रा शिंकला. आई गं. मला वाटलं फळी कोसळली. माफ करा, मी अशीच दचकते, घरी दार वाजलं तरी दचकते आणि आमच्या घरी दिवसातून चाळीसदा दार वाजतं.

हं, घेतलात घोट. आता — हो, थुंका, थुंका, ती पिकदाणी त्यासाठीच आहे, मी रस्त्याकडे बघते. झालं? हे असं आहे बघा, टीडेमानसाहेब, मला माहितीय की तुम्हा लोकांना दिवसाला पन्नास वाइन चाखाव्या लागतात, सगळ्या गिळल्या तर संध्याकाळी घर सापडायचं नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं हे, परीक्षेत प्रश्न होता, मी उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण आमच्याकडे, काखेती प्रांतात, बाबाच्या समोर कुणी त्याची वाइन तोंडात घेऊन थुंकला असता तर माझे दोन्ही काका मुकाट्याने उठून उभे राहिले असते. आणि तुम्ही थुंकता ते ठीक, तुम्ही परके — मी कशी थुंकू? बाबाची वाइन? म्हणून मी प्रत्येक दुकानात गिळतेय. चार दुकानं झाली. तुमचं पाचवं. म्हणून मी जरा जास्त बोलतेय, एरवी मी फार बोलत नाही — म्हणजे बोलते, पण दोन वाक्यांनंतर घाबरून थांबते. आज थांबता येत नाहीये. आणि तुम्ही तर काही बोलतच नाही. या शहरात सकाळी नमस्काराचं ‘मॉइन’ एकदा म्हणतात आणि तेवढंच संध्याकाळपर्यंत पुरवतात, असं दिसतंय.

कशी वाटली? — मान हलवलीत, पण ती कुठल्या दिशेला, ते कळलं नाही.

सरळच सांगते. मला एक फळी हवीय. फळी म्हणजे अख्खी नको, कोपरा चालेल, ती खालची, कुत्र्याजवळची. बाबाने सांगितलंय, नुत्सा, यंदा तू जा, बाहेरच्या देशात एका तरी दुकानात आपली वाइन उभी करून ये. नाही जमलं तर पुढच्या शरदात द्राक्षं कारखान्याच्या ट्रकमध्ये टाकू. कारखान्यात सगळ्या गावाची द्राक्षं एका टाकीत जातात, साहेब, शेजाऱ्याची, त्याच्या शेजाऱ्याची, आणि त्यातून जे निघतं ते कुणाचंच नसतं. रांजणांत मग माती भरायची. आठ रांजण आहेत, पणजोबाने पुरलेले. बाबा हे रागाने नाही बोलला, पाव कापता कापता बोलला, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुन्हा पिशवीकडे बघताय. तुमचे डोळे बोलतात, तोंड नाही. बरं, सांगते, मग तुम्ही मागणार नाही. काल एका हॉटेलात गेले होते, तिथल्या बाईने यंदाची वाइन ओठाला लावून बाजूला ठेवली आणि मोज्यातून डोकावणारी ती तिसरी स्वतःच उचलली. मी नको म्हणेपर्यंत बूच निघालं. एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, ही सगळी मला द्या, आहे तेवढी. यंदाच्या वाइनचा पेला तसाच पडलेला. आणि ही देता येत नाही, साहेब. ही माझी आहे. म्हणजे — आमच्याकडे मूल जन्मलं की एक रांजण भरून, मातीने लिंपून ठेवतात आणि तो त्याच्या लग्नात उघडतात. माझा सव्वीस वर्षं बंद होता. आणि मी — हं, कबूल करते — निघायच्या आदल्या दिवशी बाबा बाजारात गेला होता, तेव्हा मी तो उघडला. एक बाटली भरली. पुन्हा झाकण ठेवलं, ओली माती थापली, हात धुतले. मला वाटलं, यंदाची कुणाला आवडली नाही तर निदान ही दाखवीन, बघा आमची जमीन काय करते, थोडी वर्षं थांबलात तर. आणि झालं उलटंच, ही चाखली की यंदाची कुणालाच नको.

आणि आज, इथे आत यायच्या जरा आधी, बाबाचा फोन. मी तुमच्याच दारात उभी होते, तुमची जेवणाची सुट्टी संपायची वाट बघत. बाबा म्हणाला — आमच्यात बाप पोरीलाच ‘बाबा’ म्हणतो, लाडाने, तुम्हाला विचित्र वाटेल — म्हणाला, "बाबा, तुझ्या रांजणावरची माती ओली आहे." मला वाटलं आता संपलं. मग म्हणाला, "कोण आहे मुलगा?"

कारण तो रांजण दुसऱ्या कशासाठी कोण उघडेल? त्याला वाटलं मी गुपचूप चाखून बघितली, लग्नाला बरी आहे का म्हणून. आवाज असा हलला होता त्याचा, टीडेमानसाहेब, आई गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. फोनवर मागून नानुली आत्या विचारत होती, खुर्च्या किती मागवू. एकदा उघडलेला रांजण फार दिवस ठेवता येत नाही ना, संपवावा लागतो, म्हणजे तिच्या हिशोबाने लग्न याच महिन्यात. आणि बाबा पुन्हा म्हणाला, नाव तरी सांग. मी दचकले. समोर तुमची पाटी होती. ‘टीडेमान आणि मुलगे’.

मी टीडेमान म्हटलं.

असं बघू नका. पाटीवर ‘मुलगे’ आहे, तुमच्या घरी असेल ना एखादा बिनलग्नाचा? — दोन मुली? मग पाटी कुणाची? — आजोबांची. बरोबर. आमचंही सगळं आजोबांचंच असतं. तुमच्या बायकोला यातलं काही सांगू नका. आणि घाबरू नका, मी तुमच्याशी लग्न करणार नाही, मला फक्त कोपरा हवाय.

आई गं — नाही, फोन. माझाच. बाबा. एक मिनिट, टीडेमानसाहेब, उचलावा लागेल, नाही उचलला तर तो गावच्या पाद्रीबाबाला तारीख विचारून येईल.

हॅलो. बाबा. हो, जेवले. बाबा, ऐक. मुलगा नाहीये. टीडेमान हे दुकान आहे. म्हणजे माणूसही आहे, पण साठ वर्षांचा, बायको आहे, कुत्रा आहे. रांजण मी विकायला उघडला — नाही, विकायला नाही, दाखवायला. मला भीती वाटली, यंदाची कुणी घेणार नाही म्हणून. बाबा? ... बाबा, बोल ना. ... हो. हो, दिली त्यांना यंदाची. मघाशीच. ... थुंकले. इथे सगळेच थुंकतात, बाबा, पद्धत आहे, परीक्षेत प्रश्न होता. ... नाही, रागाने नाही थुंकले. नीट, हळूच.

थांब बाबा. एक मिनिट. ते पुन्हा ओततायत. नाही, माझ्या रांजणातली नाही, ती पिशवीतच आहे. यंदाची. तुझी. तोंडात घोट आहे त्यांच्या. पिकदाणी हातात घेतलीय. ... अजून तोंडातच आहे. ... खाली ठेवली.

गिळला, बाबा.

काही म्हणत नाहीयेत. या शहरात नाहीच म्हणत. उठलेत, फळीवरच्या बाटल्या सरकवतायत — खालची नाही, बाबा, मधली फळी. ... रडू नकोस, आत्या ऐकेल. खुर्च्या परत पाठवू नको म्हणावं तिला. रांजण उघडाच आहे, संपवायला माणसं लागतीलच. ... ठेव आता. गिऱ्हाईक समोर आहे.