कार्डावरचं नाव

थंडीचे दिवस होते. डोंगरकड्याच्या फाट्यावर दीपमाला कधीची बसची वाट पाहत होती. तेवढ्यात तांड्याच्या वाटेनं रूपाबाई लगबगीनं आली आणि तिनं दीपमालाच्या पुढ्यातच पोस्टमनची सायकल अडवली. दोघांचं बोलणं दीपमालाच्या कानावर पडत होतं.

“प्रभू, माझं कार्ड आलं का रे?”

“आलंय, मावशी. पुण्याच्या बाईंचं.”

“वाच की मग.”

“आरसे लावलेल्या बारा पिशव्या पायजेत म्हनं. पोरीच्या लग्नात वाटायला.”

“कवा हाय लग्न?”

“काल झालं.”

“अन् कार्ड आज देऊन राहिला?”

“मंगळवारीच आलतं. पर तांड्याचं टपाल आता सोमवारी अन् शुक्रवारीच. तीन गावं एकट्याकडं हायेत.”

“पह्यले रोज यायचास.”

“व्हय.”

“पिशव्या शिवून तयार हायेत रे घरात.”

“बाईन्ला लिहू का काही?”

“आता काय लिहितो? वरचं नाव वाच.”

“तुमचंच हाय, मावशी.”

“वाच म्हनते ना.”

“श्रीमती रूपाबाई पेमा चव्हाण.”

“परत वाच.”

“मावशी, मला अजून दोन गावं करायचीत.”

“वाच रे. समदा तांडा ऊस तोडायला गेलाय. सोमवारपस्तोर मला नावानं कोन हाक मारतंय?”