अकरा खोडींची गाडी

...आन वर मलाच म्हनतो, "मावशी, इथं सही करा." कशावर? तर गाडीच्या खोडींच्या कागदावर. खोडी काढल्या कुनी? मी. गाडी घेनार कोन? मीच. आता मला सांगा, आपनच काढलेल्या अकरा खोडींखाली 'बघितल्या, मान्य हायेत' म्हनून सही करनारी बाई तुमी पाथर्डी तालुक्यात दुसरी बघितली का?

साळंत गेले न्हाई मी, पन डोळा हाय मला. आमचा बाप हेडी, बैलांची खरेदी-विक्री करायचा. धंदा शिकवला त्यो पोरांना, मी आन माझी धाकटी बहीन राही गोठ्यात शेन काढता काढता ऐकून शिकलो. शिकलो काय, तर एकच गोष्ट. जे जनावर घ्यायचं मनात हाय, त्याला चांगलं म्हनायचं न्हाई. शिंग वाकडं म्हना, चाल लंगडी म्हना, शेपूट आखूड म्हना... विकनारा चिडतो, शपथा घेतो, निघून चालल्यावानी करतो, आन भाव उतरतो. ही रीत हाय. जगात समद्यांना ठावं हाय. एकट्या ह्या गाडीवाल्या शमशेरभाऊला ठावं न्हाई.

आता म्हातारीला गाडी कशाला पायजे, असं तुमी मनात म्हनत असाल. म्हना. राही दिली बेलापुरात. चैतात तिचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. पाथर्डीहून नगर, नगरहून श्रीरामपूर, तिथून पुढं बेलापूर, तीन गाड्या बदलायच्या, आन माझं गुडघं एस.टी.ची पहिलीच पायरी बघून म्हनत्यात, तू जा, आमी हितंच बसतो. चार महिन्यात एकदा गेले. फोनवर ती नुसती हुं करती, मी नुसती रडती... आन मला रडायला आवडत न्हाई, नाक चोंदतं. म्हनून माझी सून ज्ञानेश्वरी, गाडी चालवायला शिकलीया, तिनं मोबाईलवर ही पांढरी छोटी गाडी हुडकली. चौदा वर्साची. मालक नगरला, नागापुरात. ऐंशी हजार सांगत हुता.

गेलो. शमशेरभाऊ म्हंजी गरीब मानूस हो, खिशाला दोन पेन, बोलनं हळू. गाडी अशी धुवून पुसून उभी केलेली की बघताक्षनी आवडली मला. आवडली म्हनून तर तोंड वाकडं केलं.

"दार नीट लागत न्हाई," मी म्हनले.

आता रीतीपरमानं त्यानं काय म्हनायचं? काय बोलता मावशी, दार न्हाई, तिजोरी हाय ती. त्यो म्हनाला, "कुठलं?" आन खिशातनं लाल खडू काढून दारावर फुली मारली.

मला वाटलं, नाटकी हाय. म्हनले, चारी चाकं चार गावची हायेत. मारली फुली. म्हनले, मीटर सांगतोय चाळीस हजार किलोमीटर, मग पायाखालचं, ब्रेकवरचं रबर म्हाताऱ्याच्या टाळूवानी गुळगुळीत कसं? त्यो खाली वाकला, रबरावरनं अंगठा फिरवला आन कपाळाला हात लावला.

"मावशी, मीटर मध्ये बंद पडला होता, नवा बसवला. सांगायचं राहूनच गेलं बघा. एकतीस वर्षं कंपनीत माल तपासायचं काम केलं मी. खोट दिसली की लाल फुली, माल बाजूला. तुमच्यासारखी बाई आमच्या खात्यात पाहिजे होती."

झालं. घरात पन्नास वर्सात कुनी असं म्हनलं न्हाई, आन म्हनल्यावर मी गप बसनार व्हय? साळंत गेले न्हाई, पन डोळा हाय मला, म्हनले, आन जी सुटले... बोनेटचा पांढरा येगळा आन दाराचा येगळा, म्हंजी कुठंतरी ठोकलीया. खालचा गालिचा उचलला तर गंज. सुरू केली तर खोकती. उभी हुती तिथं तेलाचा डाग. वरनं पंधरा वर्स भरत आली, म्हंजी परत पासिंगला न्यावी लागनार. ज्ञानेश्वरी मागनं वडतीया, "आत्या बास, आत्या बास," पन कौतुकाची चटक लई वाईट. अकराव्या खोडीला शमशेरभाऊनं खडू खिशात घातला, लांब जाऊन बघितलं. गाडी नुसती गोवर आलेल्या पोरावानी दिसाया लागली.

"नाही विकायची," म्हनाला.

मी मनात म्हनले, आला रीतीवर. आता निघून चालल्यावानी करनार. त्यो खरंच निघाला. भंगारवाल्याला फोन लावायला.

"अकरा दोष असलेला माल मी दाराबाहेर सोडत नाही. त्यात तुम्ही बसणार, सूनबाई बसणार. उद्या काही झालं तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

रुसलेला बैलवाला परत कसा वळवायचा ते मला येतं. पन खरं बोलनाऱ्याचं काय करायचं, हे बापानं पोरांनाबी शिकवलं न्हवतं.

मग काय, फिरले उलटी. दार दोनदा आपटावं लागतं ते बरंच की, झोपलेला मानूस जागा हुतो. खोकती, म्हंजी वाटंवरच्या शेळ्या आधीच बाजूला हुत्यात. वय झालंय, पन जानती हाय, कोवळी गाडी काय कामाची? एकेक फुली मी पदरानं पुसतीया आन ह्यो मागनं परत मारतोय.

"मावशी, मघाशी तर तुम्हीच..."

"मघाशी मी खोटं बोलत हुते."

"मग मीटरचं?"

"ते खरं हुतं."

"मग खोटं कुठलं होतं?"

समदंच खरं हुतं, हीच तर आडचन. डोळा हाय ना मला.

शेवटी ज्ञानेश्वरीनं सांगून टाकलं. बेलापूर, राहीमावशी, अर्धं अंग, माझं गुडघं, समदं. शमशेरभाऊ ओट्यावर बसला. म्हनाला, "हे आधी बोलायचं ना." आठ दिवस मागून घेतलं. ब्रेक, चाकं, तेलाची गळती, स्वतः उभं राहून करून घेतलं, आन मग त्यो कागद. अकरा खोडी, सहांपुढं 'दुरुस्त', पाचांपुढं 'आहे तशी'. सही येती मला, एस.टी.च्या पाट्या वाचून अक्षर शिकलेली हाय. लंकाबाई, चार अक्षरं, ठोकली.

मग हळूच म्हनले, "शमशेरभाऊ, दहा हजार कमी करा."

"मावशी, तासभर तुम्हीच तारीफ केली गाडीची. आता कमी कशाचे करू?"

तारीफ. मी. बाप असता तर बैलाच्या जागी मला दावनीला बांधली असती. मोजलं ऐंशी हजार.

परवा गेलो बेलापूरला. राहीच्या खाटंवर बसले. तिनं खिडकीतनं गाडी बघितली, माझ्याकडं बघितलं, आन गोधडीखालनं तिचा चांगला हात माझ्या हातात आला. मला वाटलं, मायेनं धरलाय, डोळं भरून आलं माझं. मग ध्यानात आलं, बोटं दाबतीया. बाजारात हेडी रुमालाखाली असंच बोटं दाबून भाव बोलत्यात, अख्खा पंजा म्हंजी पाच, एक बोट म्हंजी एक. चार महिन्यात माझी बहीन पहिल्यांदा काहीतरी बोलली, ते काय, तर कितीला घेतली.

खरं सांगायला काय झालं असतं? पन बोटं वळली न्हाईत. पंजा दाबला, वर एकच बोट. साठ हजार.

तिनं न्हाई म्हनून मान हालवली आन माझी चारच बोटं धरली.

घ्या. भाव खोटा सांगितला, तर त्यातबी वीस हजारानं फसले.