तव्यावरचा शिक्का

सुज्ञ वाचकहो, जुन्या वस्तूंच्या दुकानी एक जुने कुलूप विकण्यास रांगेत उभा असता माझ्यापुढील बंधुभगिनी व दुकानदार यांचे जे संभाषण कानी पडले, ते पदरचा शब्द न घालता सादर करीत आहे.

“आईचा बिडाचा तवा आहे. काय द्याल?”

“वाजवून बघतो. नाद खणखणीत आहे, कुठे तडा नाही. पण साहेब, मागचा कारखान्याचा शिक्का कुठाय?”

“होता की! अगं, तवा तुझ्याकडेच ठेवला होता ना?”

“मी घासला, दादा. स्वच्छ दिसेल म्हटलं.”

“तवा घासलास की माझं नशीब?”

“शिक्का नसला की हौशी गिऱ्हाईक हात लावत नाही. मी भंगाराच्या भावानं घेईन.”

“म्हणजे येण्याजाण्याचं पेट्रोलही सुटायचं नाही!”

“मग मी नेऊ का रे घरी?”

“ने बाई. मी गाडी काढतो, ये लवकर.”

“ताई, ते गेले म्हणून विचारतो. वरचा तेलाचा काळा थर जसाच्या तसा आहे. कानस नेमकी शिक्क्यावरच कशी फिरली?”

“एखादी पिशवी देता का हो? जड आहे.”

दुकानदाराने पिशवी दिली व माझा क्रमांक आला. वाचनाची तसदी घेतलीत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
कुलूपवाला